काविळीत आम्ही डोळ्यांचा रंग बघत बसलो, झोपेकडे लक्षच गेलं नाही

कृष्णाकाठ | १४ जुलै, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वाचनमात्र असते. आज लिहितेय कारण गेले तीन आठवडे जे झालं ते कुठेतरी उतरवून ठेवल्याशिवाय झोप यायची नाही. लांबलंय, सांभाळून घ्या.

माझा भाचा, धाकट्या भावाचा मुलगा, वय नऊ. गाव कृष्णाकाठी, सांगली जिल्ह्यात. मी पुण्यात. जूनच्या शेवटी पोराला ताप आला, मग उलट्या, अन्नावरची वासनाच उडाली. चार दिवसांनी लघवी चहासारखी आणि डोळे पिवळे. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य) ८, एसजीपीटी (यकृताची तपासणी) २४००. "कावीळ आहे, विश्रांती द्या, चार दिवसांनी परत दाखवा," म्हणाले. त्यांचं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

घरात मात्र आमच्या आईने सूत्रं हातात घेतली. हळद बंद, तेल बंद, मीठ बंद. शेजारच्या गावात मंगळवारी काविळीची माळ घालतात, तिथे नेऊन आणलं. स्टँडवरचा उसाचा रस रोज दोन ग्लास. माळ रोज थोडी थोडी लांब होत गेली, आई रोज मला फोनवर सांगायची, "आज बेंबीपर्यंत आली बघ."

चार दिवसांनी परत रिपोर्ट. एसजीपीटी ९०० वर आलेलं. घरात आनंदीआनंद, निम्म्याच्या खाली उतरलं! बिलिरुबिन १७ झालं होतं, पण "ते सावकाश उतरतं" असं कुणीतरी म्हणालं आणि आम्ही ते धरून बसलो.

आता जे आम्हाला कळलं नाही ते. पोरगं दिवसभर झोपायचं आणि रात्री टक्क जागं. आम्ही म्हटलं, अशक्तपणा. आजीचं अतिशय लाडकं लेकरू, त्याने तिच्या अंगावर ताटली भिरकावली. आम्ही म्हटलं, आजारपणाने किरकिरं झालंय. वहिनीने विरंगुळा म्हणून पाटीवर नाव लिहायला सांगितलं तर आडनावाची अक्षरं उलटसुलट. तिथे वहिनी घाबरली. कुणाला न विचारता भावाच्या गाडीवर मधे पोराला बसवून तिने थेट दवाखाना गाठला. तिला अजून सगळे विचारतात, तुला कसं गं सुचलं. ती म्हणते, "ते माझं पोरगं वाटतच नव्हतं."

डॉक्टरांनी 'पीटी आयएनआर' नावाची, रक्त नीट गोठतंय का ते बघायची तपासणी केली. निरोगी माणसाची १ च्या आसपास असते, याची ३.८. त्यांनी चिठ्ठी लिहितानाच अँब्युलन्सला फोन लावला. वाटेत साखर ४२ झाली. पहाटे पुण्यात पोचलो तेव्हा ते आम्हाला ओळखत नव्हतं.

निदान: हिपॅटायटिस ए. तीच ती, "सगळ्यांना होते आणि आपोआप जाते" वाली. तिच्यामुळे यकृत निकामी व्हायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी आयएनआर ४.६. प्रत्यारोपणाचं बोलणं सुरू झालं. भाऊ आणि वहिनी दोघांच्या तपासण्या, वहिनीचा रक्तगट जुळला, तिचं स्कॅन झालं, कागदपत्रं, समितीपुढची मुलाखत. शस्त्रक्रियेची तयारी चालू असताना तिसऱ्या रात्री आकडा ३.१ वर आला. सकाळी २.४. डॉक्टर म्हणाले, "थांबू या." थांबलो. पोराने स्वतःच्याच यकृतावर निभावलं. परवा घरी सोडलं.

पहिले प्रश्न तेच: काय काय खाऊ घालू नये, आणि घरात पाच वर्षांची धाकटी आहे, तिचं काय?

---

वांगीभरीत | १५ जुलै, सकाळी ७.०५

वाचताना हात गार पडले. वहिनींना दंडवत.

---

बाळगुटी | १५ जुलै, दुपारी २.३०

मी बालरोगतज्ज्ञ आहे, छोट्या शहरात. तुमच्या तालुक्याच्या डॉक्टरांनी वेळेत पाठवलं. तेवढंच होत नाही म्हणून मुलं जातात.

आधी धाकटीचं, कारण ते घड्याळावर आहे. हिपॅटायटिस एची लस संपर्क आल्यापासून चौदा दिवसांच्या आत दिली तर उपयोग होतो. तुमच्याकडे तो काळ बहुधा उलटून गेलाय, कारण पोराच्या शौचातून विषाणू डोळे पिवळे होण्याच्या आधी दोन आठवडे बाहेर पडत असतो. तिला संसर्ग होऊनही गेला असेल. सहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांना होतो आणि कळतही नाही, डोळेसुद्धा पिवळे होत नाहीत. तरी डॉक्टरांना दाखवा आणि लसीचं त्यांच्याशी बोला. झालेला असूनही दिली तरी अपाय नाही.

आता आकड्यांचं. एसजीपीटी हे यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात सांडणारं द्रव्य. ते उतरतं दोन कारणांनी: पेशी फुटायच्या थांबल्या म्हणून, किंवा फुटायला पेशीच उरल्या नाहीत म्हणून. घर जळून गेल्यावरही धूर कमी होतोच. एसजीपीटी उतरतंय, बिलिरुबिन चढतंय आणि पोटाला हात लावल्यावर आधी लागणारं यकृत आता लागत नाही, हे तिन्ही एकत्र दिसलं की मी स्वतः रुग्णाबरोबर गाडीत बसतो.

आयएनआरचं महत्त्व का? रक्त गोठवणारे घटक यकृत बनवतं. त्यातला सातवा घटक काही तासांतच निम्मा होतो, त्यामुळे कारखाना बंद पडला की रक्तात लगेच कळतं. मुलांचं यकृत अचानक निकामी झालं असं कधी म्हणायचं, त्याची आमच्याकडे व्याख्या अशी आहे: आधीपासून यकृताचा आजार नाही, जीवनसत्त्व 'के'चं इंजेक्शन देऊनही आयएनआर १.५ किंवा वर आणि मेंदूवर परिणाम दिसतोय, किंवा मेंदू ठीक दिसत असला तरी आयएनआर २ च्या वर. दुसरा भाग मुद्दाम घातलाय, कारण लहान मुलाचा मेंदूवरचा परिणाम ओळखणं महाकठीण. मोठा माणूस बरळतो. मूल हट्ट करतं, चिडतं, रात्री जागतं. आईला "हे माझं पोरगं नाही" वाटणं ही माझ्या लेखी तपासणीच आहे, आणि बऱ्याचदा प्रयोगशाळेच्या आधी येते.

अशा चिडलेल्या मुलाला झोप यावी म्हणून घरातलं कुठलंही औषध देऊ नका. हात जोडून सांगतो.

---

शंकासुर | १५ जुलै, दुपारी ४.१५

माफ करा पण थोडं स्पष्ट बोलतो. आम्ही चार भावंडं, चौघांना कावीळ झाली, चौघांनी माळ घातली, चौघे ठणठणीत. डॉक्टर स्वतःच म्हणतात की बहुतेकांना कळतही नाही. मग एका अपवादावरून सगळ्या आयांना घाबरवून काय साधणार? दर कावीळवाल्याने आयसीयूत जायचं का? आणि माळेने नुकसान काय झालं? दोरा गळ्यात घातला, पोटात तर नाही.

---

शिसपेन्सिल | १५ जुलै, रात्री ९.००

शंकासुर, मी शाळेत विज्ञान शिकवते आणि दरवर्षी सातवीच्या वर्गात ही माळ करून दाखवते. झाडाच्या ओल्या काड्यांचे बारीक तुकडे, प्रत्येक तुकड्याला दोऱ्याची सैल गाठ, तुकडे खेटून. काड्या वाळतात, आक्रसतात, गाठी सुटतात, दोरा मोकळा होतो. मी ती वर्गातल्या सांगाड्याच्या गळ्यात घालते. सांगाड्याची कावीळसुद्धा दर वर्षी उतरते.

चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळं होतं, तेही तसंच. हातावर आधी आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चोळलेला असतो. चुना लागला की पिवळा.

शंभरातली नव्व्याण्णव मुलं तशीही बरी होणार असतील तर माळवाल्याचे शंभरातले नव्व्याण्णव रुग्ण बरे होणारच. कोंबडं झाकलं तरी उजाडतं म्हणतात ना, इथे कोंबडं उजाडण्याची दक्षिणा घेतं. नुकसान दोऱ्याने होत नाही हे मान्य. पण माळ बेंबीपर्यंत आली म्हणून घरातले निर्धास्त होतात, ते चार दिवस कुठून भरून आणायचे?

---

बाळगुटी | १५ जुलै, रात्री १०.२०

शंकासुर यांचा पहिला प्रश्न रास्त आहे, त्याला उत्तर देतो. नाही, दर मुलाला आयसीयू लागत नाही. हिपॅटायटिस ए झालेल्यांत यकृत निकामी होण्याचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. पण आपल्याकडे कावीळच इतकी की त्या एक टक्क्याखालच्यांनीही वॉर्ड भरतात. पाश्चात्य देशांत मुलांचं यकृत अचानक निकामी होतं तेव्हा मोठ्या गटात कारणच सापडत नाही, सापडलं तर पॅरासिटामॉलचा जास्त झालेला डोस यादीत वर असतो. भारतात यादीच्या वर विषाणू आहेत, त्यातही ए, कधी ई, कधी दोन्ही एकदम. पावसाळ्यात डेंग्यू. नवजात बाळांत हर्पिस, आणि तिथे बऱ्याचदा आईच्या अंगावर एकही फोड दिसत नसतो. बाळ मलूल, आयएनआर वाढलेला असेल तर आम्ही रिपोर्टची वाट न बघता असायक्लोव्हिर सुरू करतो, कारण या सगळ्या यादीत थेट औषध असलेला विषाणू हा जवळपास एकटाच.

म्हणून मी घरी पाठवताना आयांना कागदावर लिहून देतो: उलट्या थांबून परत सुरू झाल्या, झोपेची वेळ उलटली, वागणं बदललं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, सुई टोचलेल्या जागी काळंनिळं, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघायचं. आणि कावीळ असलेल्या प्रत्येक मुलाचा आयएनआर निदान एकदा बघायचा. आमच्यातलेही काही जण फक्त बिलिरुबिन आणि एसजीपीटी मागवतात. म्हणून इथे वाचणाऱ्यांनी "आयएनआर केलाय का?" एवढं विचारायला काही हरकत नाही.

पथ्य: काही नाही! हळदीने डोळे पिवळे होत नाहीत. तेलमीठ बंद करून उपाशी ठेवलेल्या मुलाची साखर आणखी लवकर खाली येते, यकृत साठा सोडत नसतं तेव्हा तर फारच. जे आवडेल ते, थोडं थोडं, दर दोन तासांनी. स्टँडवरच्या बर्फातल्या उसाच्या रसाबद्दल काय बोलू? विषाणू पाण्यातून येतो आणि काविळीवर उपाय म्हणून आपण पुन्हा तिथलाच बर्फ पाजतो.

---

मुळशीचा_भात | १६ जुलै, सकाळी ८.४५

तापात पॅरासिटामॉल चालतं का मग? आमच्याकडे सिरपची बाटली कायम उघडीच असते.

---

बाळगुटी | १६ जुलै, दुपारी १.५०

चालतं, पण वजनावर: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम एका वेळी, दिवसातून चार वेळांच्या वर नाही. गडबड कुठे होते सांगतो. एकाच नावाचं सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचं मिळतं आणि २५० चंही. तान्ह्यांचे थेंब तर एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम. आई जुन्या बाटलीच्या अंदाजाने नवीन बाटलीतलं चमचाभर देते, वर सर्दीच्या औषधात पॅरासिटामॉल असतंच. न जेवलेल्या, उलट्या करणाऱ्या मुलात हे चार दिवस चाललं की विषाणूने दुखावलेल्या यकृतावर दुसरा घाव. त्यामुळे मोठ्या दवाखान्यात पहिला प्रश्न "काय काय पाजलंत?" असा येतो. झाडपाला पाजला असेल, नाकात कडू फळाचे थेंब टाकले असतील, तर तेही सांगा, लाजू नका. उंदरांच्या औषधातला पिवळा फॉस्फरस पोटात गेलेली मुलंही "व्हायरल कावीळ" म्हणून आलेली मी बघितली आहेत. आणि विल्सनचा आजार, म्हणजे यकृतात तांबं साठणं, हासुद्धा पहिल्यांदा असाच उगवतो. तुमच्या भाच्याचे डोळे दिव्याखाली तपासले असतील, ते त्यासाठी, डोळ्यांत तांब्याचं कडं दिसतंय का बघायला.

---

कृष्णाकाठ | १६ जुलै, दुपारी ३.१०

हो! तपासले होते. आम्हाला वाटलं काविळीने दृष्टी गेली की काय. कुणी सांगितलंच नाही कशासाठी ते. आणि रक्त गोठत नाही तर प्लाझ्मा का चढवत नाही म्हणून भाऊ तिथे भांडला होता.

---

बाळगुटी | १६ जुलै, दुपारी ३.३०

रक्तस्राव नसेल तर मुद्दाम चढवत नाहीत. चढवला की आकडा खोटा सुधारतो, मग यकृत स्वतः किती काम करतंय ते कळत नाही. तिसऱ्या रात्रीचा ३.१ त्यामुळेच विश्वासाचा ठरला.

---

ग्लासगोकर | १६ जुलै, रात्री १०.००

या धाग्यावर येणार नव्हते, पण राहवत नाही. एप्रिल २०२२ मध्ये माझा मुलगा इथल्या नर्सरीत होता, साडेतीन वर्षांचा. ५ एप्रिलला ब्रिटनने जागतिक आरोग्य संघटनेला कळवलं की मध्य स्कॉटलंडमध्ये दहा लहान मुलांना तीव्र हिपॅटायटिस झालाय आणि ए, बी, सी, डी, ई यातलं कुणीच सापडत नाहीये. नर्सरीच्या दारात आया एकमेकींच्या मुलांचे डोळे बघायच्या. मी रोज सकाळी खिडकीजवळ नेऊन त्याची पापणी खाली ओढायचे.

त्या जुलैपर्यंत ३५ देशांतून हजाराच्या वर संभाव्य रुग्ण नोंदले गेले, ४६ मुलांना यकृत प्रत्यारोपण लागलं, २२ गेली. आधी नाव आलं अ‍ॅडिनोव्हायरस ४१ चं, एरवी जुलाब करणारा साधा विषाणू. व्हॉट्सॲपवर कोविडची लस, कुत्री, काय काय फिरत होतं. लस बहुतेकांना मिळालेलीच नव्हती, वयच नव्हतं. २०२३ मध्ये शोधनिबंध आले. एएव्ही२ नावाचा विषाणू, जो एकट्याने वाढू शकत नाही, त्याला अ‍ॅडिनोसारखा जोडीदार लागतो. टाळेबंदीमुळे मुलं या सगळ्या साध्या विषाणूंना भेटलीच नव्हती, मग एकदम भेटली, आणि ज्यांच्या जनुकांत विशिष्ट ठेवण होती त्यांच्या प्रतिकारशक्तीने यकृतावरच हल्ला केला, असं चित्र मांडलं गेलंय.

माझ्या सासूबाई तेव्हा साताऱ्याहून म्हणाल्या होत्या, "तिकडे एवढी स्वच्छता, तरी कावीळ?"

---

शंकासुर | १६ जुलै, रात्री १०.२५

हेच मी म्हणणार होतो. फार स्वच्छता पण वाईट.

---

जलकुंभ | १७ जुलै, सकाळी ६.३०

शंकासुरराव, अर्धं खरं बोललात, आणि अर्ध्या खऱ्यानेच गावं बुडतात. मी पाणीपुरवठ्यात तीस वर्षं काढली. आमच्या लहानपणी दहाव्या वर्षाच्या आत जवळपास सगळ्यांना हिपॅटायटिस ए होऊन जायचा, बहुतेकदा न कळत. आता घरात फिल्टर आले, मुलं उशिरापर्यंत त्यातून वाचतात, आणि वय वाढलं की हा आजार जड जातो. पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या अभ्यासांतही सुखवस्तू घरांतल्या मुलांत प्रतिपिंडं कमी होत गेल्याचं दिसलंय. म्हणजे घरचं पाणी सुधारलं आणि लग्नातलं, जत्रेतलं, गोळ्यावाल्याचं होतं तसंच राहिलं. उपाय म्हणून घरचं पुन्हा घाण करायचं का? लस घ्यायची आणि पाइप दुरुस्त करायचा.

पाइपाचं सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. सकाळी दोन तास आलं, बंद झालं. बंद झालं की नळीतला दाब पडतो आणि नळी बाहेरचं आत ओढायला लागते. गटारीतून गेलेल्या नळीला सुईएवढं भोक असलं तरी पुरे. दुसऱ्या दिवशी पहिल्या बादलीत ते तुमच्या घरात. म्हणून पहिली बादली झाडांना घाला.

मोठ्या साथी अशाच येतात. १९५५-५६ ला दिल्लीत यमुनेत नाल्याचं पाणी मिसळलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तेव्हा ए समजले, जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांतून पुढे तो ई निघाला. इचलकरंजीची २०१२ ची साथ आमच्या भागातले विसरणार नाहीत, तीही ईची. ई गरोदर बाईला फार वाईट, शेवटच्या तिमाहीत तर पाचातली एक जाते. २०२४ ला केरळात ए. प्रत्येक वेळी चौकशी समिती पाण्यापाशीच येऊन थांबते.

नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो, त्याच्याकडे ओटी तपासणीची, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते दाखवणाऱ्या औषधाची बाटली असते. दोन थेंब टाकले की पाणी पिवळं झालं पाहिजे. हा एकच पिवळा मला आवडतो. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचं पोतं ओलसर खोलीत सहा महिने पडलं असेल तर ती पांढरी माती आहे, टाकली काय न टाकली काय.

---

बाळगुटी | १७ जुलै, दुपारी २.००

जलकुंभ, सलाम. एकच भर: आजाराचा माग काढताना कालची पाणीपुरी आठवू नका. विषाणू शिरल्यापासून पिवळेपणा यायला सरासरी चार आठवडे लागतात, पंधरा ते पन्नास दिवस. कृष्णाकाठ, मेअखेरीस कुठे गेला होता पोरगा?

लसीचंही इथेच: वयाच्या बारा महिन्यांनंतर कधीही. एक प्रकार मृत विषाणूचा, सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस; दुसरा जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूचा, एकच डोस. सरकारी मोफत यादीत ही लस नाही, विकत घ्यावी लागते, हे दुःखच आहे. मोफत यादीत बीची आहे, जन्मल्यावर चोवीस तासांत पहिला डोस. ईची लस चीनने केली, आपल्या दुकानांत नाही. आणि सॅनिटायझरवर विसंबू नका, हा विषाणू त्याला फारसा भीक घालत नाही. साबण आणि वाहतं पाणी.

---

दुसरी_पाळी | १८ जुलै, रात्री १२.५०

माझ्या मुलीचा आयएनआर वेळेत उतरला नाही. सहा वर्षांची होती. मी माझ्या यकृताचा डावा तुकडा दिला. लोकांना वाटतं अर्धं देतात. लहान मुलाला चौथ्या हिश्श्याच्या आसपास पुरतं. माझं काही महिन्यांत भरून आलं. वहिनींना सांगा, त्या स्कॅनच्या बोगद्यात पडल्या असताना मनात काय आलं ते मला माहीत आहे. मी देवाकडे एकाच वेळी दोन गोष्टी मागत होते, माझं जुळू दे आणि लागू नये.

आता ती अकरा वर्षांची आहे. शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ टॅक्रोलिमसची गोळी, घड्याळ लावून, आयुष्यभर. जिवंत विषाणूच्या लसी सहसा देत नाहीत. वर्गात कांजिण्या आल्या की आम्ही घरी. सायकल चालवते. गणितात काठावर पास.

समितीपुढे मला विचारलं होतं, कुणी जबरदस्ती केली का. मला हसू आलं होतं. त्यांना ते विचारावंच लागतं, अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्याने.

---

वांगीभरीत | १८ जुलै, सकाळी ७.३०

दुसरी_पाळी, काय लिहू. लेकीला खूप प्रेम.

---

शंकासुर | १८ जुलै, सकाळी ११.००

माझ्या दोन्ही नातवंडांच्या लसीची चौकशी केली. एक अकरा वर्षांचा, एक चारचा. (माळेवरून वाद नंतर.)

---

कृष्णाकाठ | ९ सप्टेंबर, रात्री ९.१५

उशिरा कळवतेय. भाच्याचा आयएनआर १.१, बिलिरुबिन १ च्या आत. शाळेत जायला लागला. मधला आठवडा त्याला अजिबात आठवत नाही, ताटलीचं सांगितलं तर आजीला म्हणतो, "मी नाही, खोटं बोलतेस." आई अजून त्या विषयाला हात लावू देत नाही. माळ मात्र तिनेच काढून ठेवली, कुठे ते विचारायची हिंमत मला नाही.

धाकटीची रक्ततपासणी केली, तिला संसर्ग होऊन गेलेला होता! दोन दिवस नाक गळलं होतं, बस्स.

बाळगुटी, मेअखेरीस लग्न होतं गावातच. टँकरचं पाणी आणि बर्फाची लादी. त्या मांडवातल्या आणखी तीन मुलांना कावीळ झाली होती हे आम्हाला आता कळतंय. आणि जलकुंभ, तुम्ही लिहिलेलं भावाला वाचून दाखवलं. तो सकाळी जलसुरक्षकाला घेऊन वस्तीतल्या शेवटच्या नळावर गेला, दोन थेंब टाकले. पाणी पांढरंच राहिलं. नळ गटारीच्या कडेला आहे. पंचायतीने आता तेवढा पाइप बदललाय, पण जुन्या खड्ड्यात अजून पाणी साचतं.

---

जलकुंभ | १० सप्टेंबर, सकाळी ६.१०

खड्ड्याचा फोटो टाका. आणि त्या नळाला तोटी आहे का बघा. तोटी नसेल आणि नळाचं तोंड डबक्यात बुडत असेल, तर नवीन पाइपही तेच पाणी ओढणार.

---

कृष्णाकाठ | १० सप्टेंबर, सकाळी ८.४०

तोटी नाहीये. लाकडाची खुंटी मारलीय. फोटो संध्याकाळी टाकते, भाऊ रानात गेलाय.